एकशेवीस बरण्या आणि तिसरी स्वारी

श्रीगजाननास नमन करोन, आणि ज्याने कोणी मोजण्याची कला प्रथम काढिली त्या अनाम पूर्वजास मुजरा करोन, मारित्सा नदीकाठच्या प्लोव्दिव शहरी शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, भाद्रपद मासी जी थोर मोहीम जाहली तिचा मजकूर येथे लिहिला असे. सांगणारे तिघे होते आणि तिघांच्या हकिकती तीन तऱ्हेच्या होत्या, मग त्या एकमेकींशी ताडोन जेथे दोघांचे जमले तेवढेच घेतले, आणि बरण्या समक्ष मोजिल्या. त्या एकशेवीस भरल्या. यात एकीचेही अधिक-उणे नाही.

तर त्या शहरीच्या विद्यापीठात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी झोर्नित्सा काल्पाकचिएवा नामे एक शूर विद्यार्थिनी होती, वय वर्षे वीस, मूळ राहणार डोंगरातल्या स्मोल्यान गावची. तिची स्मरणशक्ती ऐसी की एकदा वाचले ते पान-क्रमांकासह मुखोद्गत व्हावे, आणि या एका हत्यारावर तिने शाळेपासोन सर्व लढाया मारिल्या होत्या. मग तिची गाठ 'अल्गोरिदम आणि डेटा स्ट्रक्चर' या ग्रंथाशी पडली. ग्रंथ सहाशे बत्तीस पानांचा, एकोणीसशे चौऱ्याण्णव सालची छपाई, जाड पुठ्ठ्याची तटबंदी, एका पुढच्या वर्गातल्या मुलाकडोन जुना घेतलेला. आणि या किल्ल्याचे किल्लेदार दोसेंट ग्युरोव, म्हणजे प्राध्यापकीच्या एक पायरी अलीकडले मनसबदार, उंच, सावकाश बोलणारे, आणि कोणावर आवाज म्हणोन न चढविणारे, यास्तव लोक त्यांस अधिकच भ्यायचे.

पहिली स्वारी जानेवारीत जाहली. त्या मुलखी परीक्षा तोंडी घेण्याचा रिवाज. मेजावर तीस चिठ्ठ्या पालथ्या मांडितात, विद्यार्थी एक उचलितो, अर्धा तास विचार करितो, आणि मग फळ्यापुढे उभा राहोन झुंजतो. झोर्नित्साने सातवी चिठ्ठी उचलिली, तिच्यावर 'ढीग' ऐसे लिहिले होते, म्हणजे ज्या रचनेत सर्वांत आधी हवी ती वस्तू नेहमी शेंड्यावर सापडते ती रचना. तिने पान दोनशे अकरा आरंभापासोन म्हणोन टाकिले, एक विराम गाळिला नाही, आणि त्याच भरात "आकृती सात पूर्णांक तीन पाहा" हेही खणखणीत म्हटले. दोसेंट साहेबांनी फळ्याकडे पाहिले, फळा कोरा होता. मग त्यांनी अदबीने विचारिले की कोठे पाहू. झोर्नित्साला आकृतीचा क्रमांक ठाऊक होता, आकृती ठाऊक नव्हती. दोन गुण मिळाले, आणि त्या मुलखी दोन म्हणजे शिकस्त, सहा म्हणजे आभाळ.

दुसरी स्वारी जूनमध्ये. यावेळी तिने आकृत्याही पाठ केल्या. चिठ्ठी आली ती आकडे क्रमाने लावण्याची, पुस्तकातल्या उदाहरणात आठ आकडे होते आणि तिने आठही आकडे पायरीपायरीने लावोन दाखविले, हात कोठे अडखळला नाही. मग दोसेंट साहेबांनी त्यांत नववा आकडा लिहिला. नववा आकडा पुस्तकात नव्हता. पुन्हा दोन. निघतेवेळी साहेब म्हणाले, "पुस्तक मलाही पाठ आहे, सहकारी. तुम्हाला काय माहीत आहे ते ऐकायला मी बसलोय." ते सर्व विद्यार्थ्यांस सहकारीच म्हणत, नापास करितानाही.

आता सप्टेंबरची तिसरी स्वारी, आणि विद्यापीठाचा कायदा ऐसा की तिसरीही फसली तर पटावरील नाव खोडावे. नाव खोडिले की वसतिगृहाची खोली गेली, शहर गेले, आणि स्मोल्यानास परत जाणे आले, जेथे बापाने सर्व गावास मुलगी संगणक शिकते ऐसे सांगोन ठेविले होते. यास्तव ती ऑगस्टअखेर वसतिगृह सोडोन, ग्रंथ पोटाशी धरोन, करशियाका मोहल्ल्यात स्तामेना मावशीच्या घरी मुक्कामास आली, शांतता मिळेल या उमेदीने.

परंतु सप्टेंबर म्हणजे त्या मुलखी मिरच्यांची मोहीम. लाल लांब मिरच्यांची पोती प्रत्येक अंगणात उतरतात, मग त्या भाजितात, सोलितात, टोमॅटोसह रटरट आटवितात, आणि त्याचा जो दाट लाल लगदा होतो, ल्युतेनित्सा ऐसे नाव, तो बरण्यांत भरोन हिवाळ्याची बेगमी करितात. मोहल्ल्यावर धूर ऐसा की पलीकडचे घर दिसेना. स्तामेना मावशी, वय वर्षे सदुसष्ट, पोस्टखात्यात पत्रे लावणारी, आता निवृत्त, हिने आल्या दिवशीच फर्मान काढिले की या छपराखाली जो जेवेल तो मिरच्या परतेल, मग तो विद्वान असो वा मांजर. मग झोर्नित्सा डाव्या हाती ग्रंथ आणि उजव्या हाती चिमटा धरोन अंगणात बसली, आणि तिसऱ्या दिवशी पान दोनशे अकरावर मिरचीचा रस सांडोन आकृती सात पूर्णांक तीन कायमची लाल जाहली, ती शेवटपर्यंत उमटोन आली नाही.

त्याच सुमारास अस्पारुख नावाचा वर्गबंधू जासुदी करोन आला. त्याची एक स्वारी जूनमध्ये फसली होती आणि दुसरी आता होती. त्याने बातमी दिली की चिठ्ठ्या त्याच तीस, साहेब तेच, खिडकीपाशी बसावे कारण फळ्याच्या बाजूस ऊन येते.

"मी अकरा चिठ्ठ्या पाठ केल्यात," तो भाजलेली मिरची तोंडात टाकत म्हणाला. "बाकी देवावर."

"आणि देव कितव्या चिठ्ठीवर आहे?" मावशीने आतून विचारले.

यावर अस्पारुखाने दुसरी मिरची घेतली आणि कूच केले.

पहिला घाणा बरण्यांत भरोन, उकळोन, थंड होवोन खाली गेला त्या संध्याकाळी मावशीने झोर्नित्सास तळघरातून एक बरणी आणण्यास धाडिले. तळघराचा जिना पंधरा पायऱ्यांचा, आणि त्याच्या पोटातील तिरकस जागेत मावशीचे कैलासवासी यजमान रांगेल, रेल्वेतील फिटर, यांनी पंधरा फळ्या ठोकिल्या होत्या. जागा तिरकस म्हणोन वरल्या फळीवर एक बरणी मावे, तिच्या खाली दोन, तिच्या खाली तीन, ऐसे करीत तळाच्या फळीवर पंधरा. सर्व मिळोन एकशेवीस. झोर्नित्साने नजर टाकिली, मधल्या फळीवरची एक टपोरी बरणी उपसली आणि वर आली. मावशीने झाकणावरची तारीख वाचिली आणि हातातली पळी खाली ठेविली.

"अगं, मधली कशाला उपसलीस? जास्त गोरी दिसली काय?"

"मावशी, बरणी ती बरणी."

"असं? मग नवरा तो नवरा म्हणून कोणाच्याही घरात शिरशील. चल खाली."

मग मावशी गुडघा धरीत पंधरा पायऱ्या उतरली आणि तिने दिवंगत रांगेलांचा कायदा वाचोन दाखविला. तो ऐसा: प्रत्येक बरणी आपल्या खालच्या दोघींहून वडील असावी, वय सारखे असल्यास भांडण नको. तेणेंकरोन सर्वांत जुनी नेहमी शेंड्यावर, आणि खावयाची ती शेंड्यावरचीच, म्हणजे कोणतीही कोपऱ्यात विसरोन खराब होणार नाही. शेंडा उचलिला की जागा रिकामी पडते, मग खालच्या दोघींपैकी जी वडील तिने वर सरकावे, तिची जागा रिकामी, मग तिच्या खालच्या दोघींपैकी वडील वर, ऐसे करीत रिकामी जागा तळाशी उतरते. तेथे नवी बरणी ठेवावी. आणि नवी येणारी वयाने मोठी निघाली, जैसी शेजारच्या मिंचोकाकांनी दिलेली दोन सालांपूर्वीची काकडीची बरणी, तर तिने वरच्या दोघींपैकी धाकटीशी जागा बदलीत आपल्या मानाच्या फळीपर्यंत चढावे. मिंचोकाका तीस वर्षे शेजारी असोन त्यांनी ताजी बरणी कधी दिली नव्हती, यास्तव हे कलम घालणे पडले.

झोर्नित्साने मधली बरणी जागी ठेविली, आणि शिक्षा म्हणोन शेंड्याची बरणी स्वतः उचलिली आणि रिकामी जागा स्वतः उतरविली. चौदा वेळां दोन झाकणे वाचिली, चौदा वेळां वडील कोण ते ठरविले, चौदा बरण्या सरकविल्या. सर्व एकशेवीस बरण्या लावोन काढाव्या लागल्या नाहीत, आणि तरी कायदा सर्वत्र जैसा होता तैसा राहिला. ती बराच वेळ त्या फळ्यांकडे पाहात उभी राहिली. एव्हाना वर गेलेल्या मावशीने हाक मारोन विचारिले की बरणी सापडली की तिकडेच संसार थाटला.

तेथोन पुढे झोर्नित्साचा बेतच बदलला. बरणी आणण्याचे काम तिने मागोन घेतले आणि घरात ल्युतेनित्सा त्रिकाळ खाल्ली जावू लागली. मग तिने ग्रंथ मिटोन एकेक प्रकरण घरात धुंडाळिले. धुतलेल्या ताटांची चवड पाहिली, जे ताट शेवटी ठेविले ते आधी निघते. बेकरीपुढील रांग पाहिली, जो आधी आला तो आधी निघतो, मिंचोकाका मध्ये घुसल्यास गोष्ट वेगळी. मावशीने पोस्टात तीस वर्षे पत्रे लाविली होती, तिला गठ्ठा कैसा लाविते ऐसे विचारिता ती म्हणाली की आधी मोहल्ल्याचे ढीग पाडायचे, मग गल्लीचे, मग घराचे, आणि यात न कळण्याजोगे काय आहे. झोर्नित्साने नऊ पत्रे घेवोन लाविली, मग तेवीस घेवोन लाविली. जूनमधल्या नवव्या आकड्याची भीती त्या दुपारी गेली.

एवंच भाद्रपद शुद्ध द्वादशी, भौमवासर, परीक्षेचा दिवस उजाडला. त्या मुलखी कोणी परीक्षेस निघाले की उंबऱ्यावर पाणी सांडितात, काम पाण्यासारखे वाहावे म्हणोन. मावशीने तांब्याची घागर भरोन, त्यात अंगणातली जिरॅनियमची डहाळी टाकोन, ऐसे काही जोराने ओतिले की झोर्नित्सा त्यातून चालत गेली आणि फाटकाशी उभे असलेले मिंचोकाका घोट्यापर्यंत भिजले.

"स्तामेना, परीक्षा पोरीची आणि आंघोळ माझी?"

"तुमचीही होऊन जाऊ दे, मिंचो. बरेच दिवस झाले असतील."

दहा वाजता दालनात मेज मांडिले होते, तीस चिठ्ठ्या पालथ्या होत्या, दोसेंट ग्युरोव खिडकीकडे पाठ करोन बसले होते. अस्पारुख आधी गेला, त्याने डोळे मिटोन चिठ्ठी उचलिली, ती पाठ केलेल्या अकरांपैकी नव्हती. मग झोर्नित्सा गेली आणि तिने चिठ्ठी उलटी केली. सातवी. ढीग.

अर्धा तास तिने कागदावर काही लिहिले नाही, केवळ बोटे हलवीत राहिली, जणू काही सरकवीत आहे. मग फळ्यापाशी जावोन एक वर्तुळ काढिले, त्याखाली दोन, त्याखाली तीन, त्याखाली चार, आणि रेघा जोडोन मागे सरली. पुस्तकातल्या ढिगात एकाखाली दोन, दोनांखाली चार, चारांखाली आठ असतात, प्रत्येकाची दोन मुले आणि प्रत्येकाचा वरचा एकच. येथे मधल्या वर्तुळांस वरचे दोन-दोन होते. मागच्या बाकावरील दोघांनी एकमेकांस कोपर मारिले. दोसेंट साहेब उठले, जवळ आले, चष्मा कपाळी चढविला.

"सहकारी, हा ढीग कोणाचा?"

तेव्हां झोर्नित्साने फळ्याकडे पाहिले आणि तिला चूक दिसली. पान दोनशे अकरा तिच्या जिभेवर आपोआप येवोन उभे राहिले, पहिल्या शब्दापासोन, आणि फडके हातापाशी होते. पुसावे आणि म्हणावे, जानेवारीसारखे. तिने फडके उचलिले. मग तिला आठवले की त्या वाटेने गेले असता या दालनातून दोनदा काय घेवोन परतली, आणि तिने फडके खाली ठेविले.

"माझ्या मावशीचा," ती म्हणाली. "जिन्याखालचा. पुस्तकातला वेगळा आहे. पण हाही चालतो."

"चालतो हे कोणी सांगितलं?"

"मी चालवलाय. तीन आठवडे."

साहेबांनी खुर्ची ओढोन घेतली आणि फर्माविले की चालवोन दाखवा. मग तिने वर्तुळांत तारखा लिहिल्या, शेंडा पुसला, आणि रिकामी जागा पायरीपायरीने खाली उतरविली. साहेबांनी पहिला हल्ला केला की खालची बरणी वर सरकली खरी, परंतु येथे प्रत्येकीचे दोन वडील, तर एकीकडचा कायदा राखिता दुसरीकडचा मोडत नाही कशावरून. हा प्रश्न पुस्तकात नव्हता आणि मावशीच्या कायद्यातही नव्हता. झोर्नित्साने खडू खाली ठेविला. मग तिने डावा हात हवेत धरिला, जैसा तळघरात फळीवर धरीत असे, आणि हळूहळू बोलिली की वर सरकते ती आपल्या बहिणीहून वडील, म्हणोन बहिणीच्या डोक्यावर शोभते. आणि जिच्या जागी सरकते तिच्याहून ती धाकटी होती, म्हणोन त्या जागेच्या वर जे कोणी बसले आहेत, एक असो की दोन, ते हिच्याहून वडीलच असणार. मग मोडणार कोठे?

साहेबांनी दुसरा हल्ला केला, पावले किती.

"चौदा. एकशेवीस बरण्या, पंधरा फळ्या."

"आणि पुस्तकातल्या ढिगात?"

तिने बोटांवर दुप्पट करीत मोजिले. "एक, तीन, सात, पंधरा, एकतीस, त्रेसष्ट, एकशे सत्तावीस. सात फळ्या. फार तर सहा पावलं."

"मग तुमच्या मावशी चौदा पावलं का चालतात? सहा चांगली नाहीत?"

"चांगली आहेत, सर. पण सातव्या फळीवर चौसष्ट बरण्यांची जागा धरावी लागेल. ती फळी भिंत फोडून मिंचोकाकांच्या स्वयंपाकघरात जाते, आणि तिथे ठेवलेलं परत येत नाही."

मागच्या बाकावर कोणी हसू दाबिले. साहेबांनी दाबिले नाही. मग त्यांनी शेवटचा तोफगोळा टाकिला की बरण्या दहा लाख असल्या तर. झोर्नित्साने खडू घेतला, फळ्याच्या कोपऱ्यात गुणाकार केला, एकदा चुकला, पुसोन पुन्हा केला, आणि सांगितले की मावशीच्या जिन्यास चौदाशे चौदा फळ्या लागतील, पुस्तकातल्या ढिगास वीस. आणि मग कोणी न विचारिता म्हणाली, "आता कळलं पुस्तक कशासाठी लिहिलंय ते."

दोसेंट ग्युरोव यांनी मान सावकाश डावीकडे-उजवीकडे हलविली, जी त्या मुलखी होकाराची खूण, आणि तिची विद्यार्थी-वही मागोन घेवोन तीत पाच लिहिले. सहावा गुण का राखिला याचे कारणही त्यांनी कळविले की विचारिला होता पुस्तकातला ढीग, काढिला मावशीचा, आणि अधिकाऱ्याच्या हुकुमाची तामिली पुरती जाहली नाही. तथापि वही परत देतेवेळी त्यांनी विचारिले की जिन्याखालच्या जागेचे माप मिळेल काय, आपल्याही घरी तिरकस जिना आहे.

फत्तेची वार्ता करशियाकास पोहोचली तेव्हां अंगणात दुसरा घाणा शिजत होता. मावशीने पळीसह मिठी मारिली, त्याचा डाग झोर्नित्साच्या सदऱ्यावर अद्यापि आहे. जेवणासाठी शेंड्याची बरणी उचलिली गेली, रिकामी जागा चौदा पावलांनी तळाशी उतरली, आणि त्या जागी झोर्नित्साने आपला ग्रंथ आणोन ठेविला, आता तेथेच राहो म्हणोन. मावशीने चष्मा लावोन पुठ्ठ्यामागील साल वाचिले.

"एकोणीसशे चौऱ्याण्णव. हे इथे कसं राहील?"

"मावशी, ते पुस्तक आहे."

"आणि ही फळी आहे. कायदा सगळ्यांना एकच."

मग ग्रंथाने वरच्या दोघींपैकी धाकटीशी जागा बदलिली, पुन्हा बदलिली, आणि चौदा पावले चढोन सहाशे बत्तीस पानांचा तो गनीम शेंड्यावर जावोन बसला, कारण घरात त्याहून जुनी बरणी नव्हती, मिंचोकाकांनी दिलेलीही नव्हती.

इतक्यात फाटकाशी अस्पारुख दोन गुण घेवोन उभा राहिला. त्याची तिसरी स्वारी शिल्लक होती, तोंड उतरले होते, आणि त्याने पुस्तक उसने मिळेल काय ऐसे विचारिले. मावशी म्हणाली की मागायची गरज नाही, शेंड्यावर जे असेल ते आधी बाहेर जाते, आणि तिने ग्रंथ त्याच्या डाव्या हाती व चिमटा उजव्या हाती दिला आणि मिरच्यांपुढे बसविले. पहिली मिरची परतायच्या आधी खाली जावोन रिकामी जागा तेवढी उतरवोन ये, ऐसेही फर्माविले.

येणेंप्रमाणे झोर्नित्सा काल्पाकचिएवा हिने अल्गोरिदमांचा किल्ला तिसऱ्या स्वारीत सर केला. नाव पटावर कायम राहिले, गुण पाच, खर्ची पडले ते सव्वीस दिवस, दोन पोती मिरच्या व एक आकृती. भाद्रपद शुद्ध द्वादशीस सूर्यास्तासमयी तळघरात एकशेएकोणीस बरण्या कायद्याने उभ्या होत्या, तळाशी एक जागा रिकामी होती, आणि अस्पारुख जिन्यावर बसोन झाकणे वाचीत होता.